लेथ, पटाशी आणि ह्यांचे हात

वडवणीच्या पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. आता पुतण्या बघतो, पण तीसेक वर्षं ते ह्यांनी चालवलं. स्टील, पितळ, ॲल्युमिनियम, आणि दाराशी एका पिंपात उभी केलेली लाकडी लाटणी. ती बाहेरगावाहून गठ्ठ्यानं यायची. गठ्ठा सोडला की हे एकेक लाटणं दोन्ही तळव्यांत धरून फिरवून बघायचे. वाकडं निघालं की बाजूला. भावजी चिडायचे, म्हणायचे, बाजाराच्या दिवशी गर्दीत कोण बघतंय. हे म्हणायचे, "वाकडं लाटणं विकलं तर ती बाई रोज सकाळी मला शिव्या दील."

दुकान पुतण्याच्या हाती गेल्यावर ह्यांना दिवस खायला उठायला लागला. दुकानात जाऊन बसायचे, पण पुतण्यानं सगळी मांडणी बदललेली, काय कुठं आहे ते ह्यांनाच विचारावं लागायचं. तासाभरात परत यायचे. त्या दिवाळीत आम्ही लेकीकडं पुण्याला गेलो होतो. तिनं सहज मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला. कुणीतरी माणूस लाकडाचा ओंडका यंत्रावर फिरवून त्याचा वाडगा काढत होता. हे तो व्हिडिओ संपला की पुन्हा लावायचे. जेवायला बोलावलं तरी उठेनात.

परत येताना गाडीत मला म्हणाले, "मला हे करायचंय."

"काय?"

"लाटणं. आपल्या हातानं. एकदम सरळ."

मला हसू आलं. "जन्मभर लाटणी विकली, आता करायची तेवढी राह्यली व्हय?"

"व्हय," म्हणाले. आणि खरंच लेकीच्या मागं लागले.

लेथ बीडपर्यंत ट्रान्सपोर्टनं आली आणि तिथून टेंपोत घालून घरी. लेथ म्हणजे लाकूड आडवं धरून गरागरा फिरवणारं यंत्र. लाकूड फिरत असतं, आपण पुढच्या लोखंडी टेकूवर पटाशी धरायची आणि फिरत्या लाकडाला लावायची. काकडीची साल उतरावी तसं लाकूड उतरत जातं. घरामागं पत्र्याचं गोदाम होतं, भांड्यांची खोकी ठेवायचं. ते मोकळं करून तिथं लेथ बसवली. सोबत तीन पटाश्या. गोल पटाशी ओबडधोबड लाकूड गोल करायला, तिरकी गुळगुळीत करायला आणि एक चपटी, शेवटी तुकडा कापून काढायला. आणि तोंडावर घालायची एक पारदर्शक काच. ती घालून हे उभे राहिले की मला वाटायचं, वेल्डिंगवाला आलाय घरात. मी चेष्टा करायचे. मग एकदा बाभळीचा तुकडा सुटून पत्र्यावर असा आदळला की पत्र्याला पोचा पडला. त्यानंतर मीच दारातून ओरडायचे, "काच घातली का?"

सुरुवात कडुलिंबाच्या फांद्यांनी केली, कारण लिंब दारातच होता. लिंबाचा भुसा नाकातोंडात गेला की तोंड दिवसभर कडू. चहासुद्धा कडू लागायचा. मग मास्क आणला. असं एकेक कळत गेलं आम्हाला, सांगणारं कुणी नव्हतं. ह्यांनी केलेल्या पहिल्या लाटण्याला एका बाजूला पोट आलं होतं. मी त्यानंच पुरणपोळ्या लाटल्या. पोळी तव्यावर पडली की एका अंगाला जाड, एका अंगाला पापडासारखी. हे जेवताना पोळी उलटसुलट करून बघत होते आणि एकटेच हसत होते. त्या हिवाळ्यात मी ह्यांना जेवढं हसताना पाहिलं तेवढं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. थंडी संपता संपता लाटणी सरळ यायला लागली. तळव्यांत फिरवून बघायचे, मान हलवायचे, आणि मला आणून द्यायचे.

मग पटाशी अडकायला लागली.

लेथवर पटाशी अडकते म्हणजे चालता चालता तिची धार लाकडात रुतते, मोठ्ठा आवाज होतो, हाताला झटका बसतो आणि इतका वेळ घडवलेल्या वस्तूवर खोल खाच पडते. शिकताना प्रत्येकाची अडकते. ह्यांचीही सुरुवातीला अडकायची, मग थांबली होती. आता पुन्हा सुरू झाली. एक लाटणं गेलं, दुसरं गेलं. हे म्हणाले, धार गेलीय. कानशीनं घासून उपयोग नाही, ग्राइंडर पाहिजे. ग्राइंडर आणला. त्यावर पटाशी एकाच तिरकेपणात धरून ठेवायची चौकट आणली. धार इतकी झाली की दंडावरचे केस उडायचे. आठवडाभर बरं चाललं असं ह्यांना वाटलं. पुन्हा अडकायला लागली.

मग म्हणाले, दांडा आखूड आहे, पकड बसत नाही. लांब दांड्याची पटाशी आणली. मग म्हणाले, उजेड कमी पडतोय. वाकवता येईल असा दिवा आणला. मग लेथ खाली बसलीय म्हणून पायांखाली विटा घातल्या, मग फारच वर गेली म्हणून एकेक काढली. मग लाकूड घट्ट धरत नाही म्हणून दातेरी जबड्याचा चक आणला. कुरिअरवाला पोरगा गल्लीत शिरला की शेजारीण म्हणायची, "आलं बगा तुमच्या कारखान्याचं सामान." हे खोकं उघडायचे तेव्हा चेहरा लहान लेकरासारखा व्हायचा. आता जमंल. ह्यानं जमंल. खोकं उघडताना कात्रीही हातातून निसटायची, पण ते कुणाच्या ध्यानात येणार?

शेवटी गल्लीतल्या सुताराला बोलावलं. तरणा माणूस, ह्यांना काका म्हणायचा. हे म्हणाले, "बग बाबा, मशीन वाकडी बसलीय का कुटं. पटाशी धरतच न्हाई."

सुतारानं सगळं हलवून बघितलं. मग फांदीचा तुकडा लावला, ह्यांचीच पटाशी घेतली आणि लाकडाला लावली. रेशमाच्या फितीसारखी लांबच लांब साल निघायला लागली. एकदाही अडकली नाही. त्यानं मशीन बंद केली.

"काका, हत्यार झकास हाय," म्हणाला. मग ह्यांच्या हाताकडं बघितलं आणि पटाशी जागेवर ठेवली. मी चहा केला होता, तोही अर्धाच पिऊन गेला.

आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की हे गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचे आणि पूजा करायचे. सुतार येऊन गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, मी विभूतीची वाटी पुढं करत असताना, ह्यांचा तळहात हळूहळू खाली कलला आणि लिंग घरंगळून पाटावर पडलं. आवाज फार झाला नाही. हे पाटाकडं बघत राहिले. मी लिंग उचलून कपाळाला लावलं आणि परत हातावर ठेवलं, आणि खालून माझा हात लावून धरला. पूजा होईपर्यंत तसाच धरून ठेवला. त्याच दिवशी मी लेकीला फोन केला.

पुण्यातल्या डॉक्टरांनी ह्यांना मूठ मिटायला सांगितली, बोटं ताणायला सांगितली. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधला मांसल भाग दाबून बघितला. तिथं खड्डा पडला होता. चाळीस वर्षं ज्या हातावर मी चहाचा कप ठेवला, त्या हाताला खड्डा पडलेला मला दिसला नव्हता. तपासण्या झाल्या, सुया टोचून झाल्या. डॉक्टर चांगले होते, लपवाछपवी केली नाही. हातापायांना हालचाल सांगणाऱ्या नसा वाळत चालल्यात, म्हणाले. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं. गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, थांबणार नाही.

परतीच्या वाटेवर जामखेड, पाटोदा गेलं. लिंबागणेशला चहाला गाडी थांबवली. ह्यांनी कप दोन्ही हातांत धरला, लहान लेकरू धरतं तसा.

"म्हंजे हत्याराचा दोष नव्हता," म्हणाले.

"न्हाई."

"उगं येवढं सामान आणलं मी."

मला तिथं, हॉटेलच्या बाकड्यावर, रडू आवरेना. गाडीचा ड्रायव्हर उठून लांब जाऊन उभा राहिला. हे माझ्याकडं बघत होते. डोळे पुसायला हात पुढं करत होते, पण हातात कप होता आणि तो एका हातानं धरवत नव्हता.

लेक म्हणाली, मशीन विकून टाका, डोळ्यांसमोर राहिली की बाबांना त्रास होईल. ह्यांनी फोन स्पीकरवर असतानाच सांगितलं, "विकायची न्हाई." मग दुसऱ्या दिवशी मला गोदामात घेऊन गेले, स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तू उभी ऱ्हा."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"मला तरी काय येत होतं? आधी बांगड्या काढ."

"कावून?"

"फिरत्या लाकडात अडकली तर हात घेऊन जाईल. गळ्यातलं बी काढ. अन् लुगडं न्हाई चालणार. लेकीचा जुना ड्रेस घाल, वढणी न घेता."

मी चिडले. "तुमी असे आजारी, अन् मी मोकळ्या हातानं, मोकळ्या गळ्यानं तुमच्यापुढं उभी राहू? लोक काय म्हणतील?"

"मशीनीला सवाष्ण कळत न्हाई," ह्यांनी सांगितलं. "अन् लोक गोदामात येत न्हाईत."

दोन दिवस मी काढल्या नाहीत. दोन दिवस हे खुर्चीत तसेच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी हातातल्या हिरव्या बांगड्या काढून वाटीत ठेवल्या आणि मंगळसूत्र लाईटच्या बोर्डाजवळच्या खिळ्याला अडकवलं. काम झालं की परत घालायचे. पुढं तीच रोजची रीत झाली.

ह्यांचं शिकवणं शांत होतं. "पटाशी आधी टेकूवर ठेव. लाकडाला लावायची घाई करू नको. तिची पाठ टेकव, धार न्हाई. नुसती घासू दे. आता मागनं दांडा जरासा उचल. अजून. धार आपसूक लागल." आणि ती लागली. पहिल्यांदा माझ्या हाताखालून साल निघाली तेव्हा मी दचकून पटाशीच सोडली. हे इतके हसले की ठसका लागला.

मी घाबरून पटाशी आवळून धरायचे. "मांजराचं पिल्लू धरल्यावानी धर," म्हणायचे, "पळूनबी जाऊ नये अन् मरूबी नये." हे सांगताना स्वतःच्या बोटांनी धरून दाखवायला जायचे आणि बोटं अर्ध्यातच थांबायची. मी मशीनीकडं बघायचे.

माझ्या हातची पहिली उपयोगाची वस्तू म्हणजे चमच्याचा दांडा. ह्यांना चमचा धरवेना झाला होता. बारीक वस्तू बोटांत राहत नव्हती. मी लिंबाचा एक जाड दांडा घडवला, मधे फुगीर, टोकाला भोक पाडून चमच्याची दांडी त्यात बसवली. हे त्या दिवशी आमटीभात स्वतःच्या हातानं जेवले. पुढं तोही सुटायला लागला, म्हणून मी त्याहून जाड केला. मग त्याहून जाड. चौथा दांडा जवळजवळ मुसळाएवढा झाला, आणि तो ह्यांना उचलवेना. त्यानंतर मी भरवायला लागले. ते दांडे मी धुऊन फडताळात ठेवून दिले.

बोलणं गेलं तेव्हा मला वाटलं, आता गोदाम बंद. पण हे मानेनं दार दाखवायचे. मी चाकाच्या खुर्चीतून घेऊन जायचे, बाजूला बसवायचे, मान टेकायला उशी द्यायचे. हे डोळे मिटून आवाज ऐकायचे. धार बरोबर चालत असली की फिरत्या लाकडाचा आवाज एकसारखा येतो, सुपात धान्य पाखडल्यासारखा. बिघडायला लागला की तो खरखरतो, आणि त्यानंतरच पटाशी अडकते. आवाज जरा बदलला की ह्यांच्या भुवया वर जायच्या. मी एक डोळा लाकडावर आणि एक ह्यांच्यावर ठेवून काम करायचे. असं कुणी करत नसेल. पण आमचं चालायचं.

त्या दुपारी मी ओल्या लिंबाचा वाडगा करत होते. बाहेरची बाजू झाली होती, आतून पोकळ काढत होते. सकाळी ह्यांना पेज नीट गिळता आली नव्हती, पण डोळे स्वच्छ होते. बांगड्या काढताना मी नेहमीसारखं विचारलं होतं, "काढू का?" आणि ह्यांनी पापण्या मिटून हो म्हटलं होतं. आवाज चांगला येत होता. बराच वेळ भुवया हलल्या नाहीत, म्हणून मला आनंद झाला. वाटलं, आज जमतंय. मशीन बंद करून मी म्हणाले, "आज एकदाबी चुकले न्हाई बगा."

मान छातीवर आली होती. मला वाटलं झोपले. उशी सरळ करायला गेले तेव्हा कळलं.

शेजारणी धावत आल्या. रीतीप्रमाणं जे करायचं ते करायला त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईनं माझे हात हातात घेतले आणि ती थबकली. माझी मनगटं मोकळी होती. गळाही मोकळा. अंगावर लेकीचा ड्रेस, केसांत भुसा. ती बाकीच्यांकडं बघून हळूच म्हणाली, "हिनं आधीच काढल्या की." त्या काय समजल्या कोण जाणे. मला सांगता आलं नाही की कामापुरत्या काढल्या त्या संध्याकाळी घालण्यासाठी काढल्या होत्या. सांगून तरी काय.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. जंगम स्वामींनी ह्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं तेव्हा बोटं त्याभोवती मिटेनात. मी पुढं झाले आणि खालून हात लावला. स्वामींनी मला मागं हो म्हटलं नाही. फूल, बेल, विभूती वाहून होईपर्यंत त्यांनी मला धरू दिलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी सोडलं.

लेक मला पुण्याला घेऊन गेली. तिथं मी नीट जेवले, नीट झोपले, नातवाला शाळेत सोडलं. पण कुठं मिक्सर लागला, कुठं कुणी भिंतीत ड्रिल मारलं, की मी आवाज ऐकत उभी राहायचे. लेकीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "आई, तुला जायचंय ना?" मी हो म्हणाले.

गोदाम उघडलं तर तो वाडगा अजून चकमध्ये धरलेला होता, निम्मा पोकळ. मला वाटलं, एवढा पुरा करावा. बांगड्या काढायचा प्रश्न नव्हता. काच घातली, मशीन सुरू केली, आणि वाडगा डगडग हलायला लागला. ओलं लाकूड वाळताना वाकडं होतं हे मला माहीत होतं, पण मधे किती दिवस गेले याचा विचार मी केला नव्हता. तो गोल राहिला नव्हता, अंडाकृती झाला होता. तरी मी पटाशी लावली. एका फेऱ्यात ती धडाधडा आपटली आणि वाडग्याचे तीन तुकडे झाले. एक काचेवर लागला. मी मशीन बंद केली आणि तिथंच भुशात बसले. इतके दिवस आवरून धरलेलं तिथं बाहेर आलं. बाहेर गल्लीत पोरं खेळत होती, त्यांच्या ओरडण्यात माझं कुणाला ऐकू गेलं नसावं. तुकडे मी बंबात घातले.

त्यानंतर लाटणी करायला लागले, कारण ती सरळ फांदीची असतात, आतून पोकळ काढायचं नसतं, सोपी. पुतण्या दुकानात ठेवतो. दुकानातूनच पत्ता काढत मागच्या महिन्यात चकलांब्याची एक बाई आली. तिशी-पस्तिशीची, शिवणकाम करणारी. म्हणाली, "मावशी, मला बी हे शिकायचंय. आधी काय काय घ्यावं लागंल?"

मी तिला गोदामात नेलं. सांगितलं, तोंडावरची काच आणि मास्क आधी घे, मशीन मागून. ग्राइंडर घेच, बोथट पटाशीनं शिकू नको. तीन पटाश्या पुरेत. लाकूड विकत आणू नको, बांधावर छाटलेली लिंबाची, बाभळीची फांदी बघ. आणि केस घट्ट बांधायचे, ओढणी नको, हातात काही नको.

ती भिंतीकडं बघत होती. लांब दांड्याच्या पटाश्या, वाकणारा दिवा, चकचे दोन प्रकारचे जबडे, धार लावायच्या चौकटी.

"एवढं समदं लागतं व्हय?"

"न्हाई. एवढं न्हाई लागत."

"मग तुमी कावून घेतलं?"

मी म्हणाले, "आमच्या ह्यांना वाटायचं, हत्यारात दोष हाय." ती पुढं ऐकायला थांबली होती. मी लाकडाचा तुकडा लावला, तिची ओढणी आणि बांगड्या काढायला लावून तोंडावर काच चढवली, हातात गोल पटाशी दिली आणि मागं उभी राहिले. तिनं पाठ टेकवली, दांडा उचलला, साल निघाली. ती ओरडली, "निगालं!" मी म्हणाले, "हो, निघालं. आता घाई करू नको."

संध्याकाळी तिला स्टँडवर सोडलं. दिवा आणि एक पटाशी तिला देऊन टाकली, पिशवीत मावत नव्हती म्हणून तिनं ओढणीत गुंडाळून नेली. गाडी हलल्यावरही ती खिडकीतून हात हलवत होती. घरी येऊन मी दोन भाकरी थापल्या. एक पुरली असती.